यंत्रामागचा वादक

हिप-हॉप म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. ढगळ कपड्यांतला एक तरुण हातात माइक घेऊन भराभर बोलतो आहे आणि मागून कुठून तरी ठोक्यांचा धबधबा चालू आहे. ते ठोके वाजवतं कोण, असा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण वाजवणारा तिथे दिसतच नाही. फार तर टेबलावर दोन तबकड्या आणि एक यंत्र. या संगीतावर नाक मुरडणाऱ्यांचंही म्हणणं तेच असतं, की यात वाजवायला येतं कुणाला? आज मी ज्या मंडळींविषयी बोलणार आहे, त्यांनी या एका प्रश्नापायी सारी कारकीर्द वेचली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचा 'द रूट्स' हा तो बँड.

आधी वादक नाहीसा कसा झाला, ते पाहू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका इमारतीत कूल हर्क या जमैकातून आलेल्या तरुणाने तबकड्या लावल्या, तेव्हापासून हिप-हॉपचा जन्म मानतात. त्याच्या लक्षात आलं होतं, की गाण्याचे शब्द थांबून नुसते ड्रम वाजू लागले की नाचणाऱ्यांच्या अंगात येतं. पण तो तुकडा असतो काही सेकंदांचा. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच लावायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. आपल्याकडे स्वतंत्र तबलावादनात पेटीवर किंवा सारंगीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा फिरत राहते, तिला आपण लेहरा किंवा नगमा म्हणतो. तिच्या आधाराने तबलजी आपली करामत दाखवतो. इथे उलटं झालं. तालाचा तुकडाच फिरता राहिला आणि त्याच्या आधाराने माणसं नाचू लागली, पुढे बोलू लागली. तेच रॅप.

नंतर हे काम सॅम्पलर नावाचं यंत्र करू लागलं. जुन्या तबकडीवरचा तुकडा उचलायचा, यंत्रात साठवायचा आणि हवा तितका वेळ फिरवायचा. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या १९७० साली आलेल्या गाण्यात क्लाइड स्टबलफील्ड या वादकाने वाजवलेल्या एवढ्याशा तुकड्यावर शेकडो रॅप गाणी उभी राहिली. स्टबलफील्डला मात्र त्यातून स्वामित्वधन मिळालं नाही, कारण कागदोपत्री गाणं त्याचं नव्हतंच. हात त्याचे, ठोका त्याचा आणि नाव दुसऱ्याचं. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल.

१९८७ साली फिलाडेल्फियातल्या कला-प्रशिक्षणाच्या एका सरकारी हायस्कुलात दोन मुलं भेटली. एक अहमीर थॉम्पसन, ज्याला आज जग 'क्वेस्टलव्ह' म्हणून ओळखतं. त्याचे वडील ली अँड्र्यूज १९५०च्या दशकातले नावाजलेले गायक. मुलगा लहानपणापासून त्यांच्याबरोबर रंगमंचावर ड्रम वाजवायचा आणि तेराव्या वर्षी त्यांच्या वाद्यवृंदाची जबाबदारी सांभाळू लागला. दुसरा तारिक ट्रॉटर, टोपणनाव 'ब्लॅक थॉट'. हा आला होता चित्रकला शिकायला. सहाव्या वर्षी खेळता खेळता त्याच्या हातून राहतं घर पेटलं होतं. वडिलांचा खून तो अगदी तान्हा असताना झाला आणि शाळेत असतानाच आईचाही झाला. २०२३ साली त्याने आत्मकथन लिहिलं, त्यात हे सारं त्याने शांतपणे सांगितलं आहे. एक सुखवस्तू कलावंत घरातला आणि एक घरच उरलं नाही असा. यांची जोडी जमली ती अशी, की या मुलांकडे यंत्रं घ्यायला पैसे नव्हते आणि अहमीरला वाजवता येत होतं. साउथ स्ट्रीटच्या फुटपाथवर तो ठेका धरायचा, तारिक रॅप करायचा, येणारेजाणारे पैसे टाकायचे.

१९९३ साली त्यांनी 'ऑर्गॅनिक्स' हा पहिला आल्बम स्वतःच काढला. मोठ्या कंपनीकडून आलेला 'डू यू वाँट मोअर' १९९५चा. त्यात रूफस हार्ली नावाच्या फिलाडेल्फियातल्याच जॅझ वादकाने चक्क बॅगपाइप वाजवला आहे. रॅपमध्ये बॅगपाइप! आणखी एक गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडायला हवी होती. १९९१च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला आणि तेव्हापासून परवानगीशिवाय तुकडे उचलणं फार महागात पडू लागलं. ज्यांना स्वतः वाजवता येतं त्यांचे दिवस आता यावेत, असं कुणालाही वाटलं असतं. पण तसं झालं नाही. रॅप ऐकणाऱ्यांच्या कानाला यंत्राचा कोरडा, एकसारखा ठोका रुचू लागला होता. खऱ्या ड्रमचा आवाज त्यांना जॅझवाल्यांचा, म्हणजे परका वाटू लागला.

मला या बँडच्या कारकिर्दीतली सर्वांत नवलाची वाटते ती पुढची गोष्ट. क्वेस्टलव्हने आपलं वादन यंत्रासारखं करायला घेतलं. हात फिरता असलेल्या वादकाला भरगच्च तोडे घ्यायचा मोह आवरत नाही. याने ते सगळं सोडून दिलं. तोच ठोका, तेवढाच जोर, तेवढंच अंतर, पाच पाच मिनिटं. ड्रमचा आवाजही जुन्या तबकडीवरून उचलल्यासारखा कोंदट करून घेतला. १९९६चा 'इलाडेल्फ हाफलाइफ' ऐकताना हा हात आहे की यंत्र, असा संभ्रम पडतो. स्टबलफील्ड या माणसाची नक्कल यंत्राने केली आणि आता यंत्राची नक्कल माणूस करत होता.

एवढ्यावर हे थांबलं नाही. डेट्रॉइटचा जे डिला हा संगीतकार यंत्रावरच काम करायचा, पण ठोके मुद्दाम किंचित मागेपुढे ठेवायचा, जणू वादकाला डुलकी लागली आहे. ते ऐकून क्वेस्टलव्हने कमावलेली शिस्त पुन्हा मोडली. डीअँजेलोच्या 'वूडू' या २००० सालच्या आल्बमवर तो असा रेंगाळत वाजवतो, की सम आता चुकली असं वाटावं, आणि चुकत मात्र नाही. आपल्याकडे लय धरून मागे रेलणारे गवई ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना ही मजा समजावून सांगायला नको.

रूट्सना नाव मिळालं ते १९९९च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'मुळे. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या कादंबरीचं हे नाव. आल्बमच्या सुरुवातीलाच स्पाइक लीच्या एका चित्रपटातला संवाद आहे. दोन कृष्णवर्णीय जॅझ वादक भांडताहेत, की आपलीच माणसं आपलं संगीत ऐकायला का येत नाहीत. रूट्सचं दुखणं तेच होतं. त्यांच्या कार्यक्रमांना गोऱ्या कॉलेजकुमारांची गर्दी व्हायची. यातलं 'यू गॉट मी' गाजलं आणि २००० साली त्याला ग्रॅमी मिळालं. त्याचं धृपद लिहिण्यात जिल स्कॉट या तेव्हा अनोळखी असलेल्या गायिकेचा हात होता, पण कंपनीला मोठं नाव हवं होतं, म्हणून तबकडीवर आवाज एरिका बडूचा आला. पुढे बँडबरोबरच्या कार्यक्रमांत ते जिलने गायलं, तेवढाच न्याय.

यश मिळाल्यावर त्याच वाटेने जाणं सोपं होतं. २००२च्या 'फ्रेनॉलॉजी'त त्यांनी एका पंगतीत न बसणारे पाहुणे बोलावले. पंक रॉकचं अर्ध्या मिनिटाचंही नसलेलं एक गाणं, कोडी चेस्नटबरोबरचं गिटारवरचं 'द सीड', आणि 'वॉटर' हे जवळजवळ दहा मिनिटांचं गाणं, व्यसनात गुरफटलेल्या मलिक बी या आपल्याच साथीदाराविषयीचं. मला हा आल्बम त्यांचा सर्वांत धाडसी वाटतो. सर्वांत रेखीव मात्र २०११चा 'अनडन'. त्यात एका कल्पित तरुणाचं आयुष्य मृत्यूपासून मागे मागे उलगडत जातं.

पण धाडसावर चूल पेटत नाही. यंत्र घेऊन फिरणाऱ्या रॅपरचा खर्च तो किती! इथे ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड, तालवाद्यं, पुढे ट्यूबासारखं अगडबंब वाद्यही आलं, आणि प्रत्येकाच्या मागे संसार. वर्षाचे बहुतेक दिवस गावोगाव हिंडावं तेव्हा सगळ्यांची मिळकत व्हायची. मार्च २००९मध्ये जिमी फॅलनच्या रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा बँड म्हणून त्यांनी नोकरी धरली. चाहते हळहळले. विनोदवीराच्या मागे बसून पाहुणे आले-गेले की सूर धरायचे, हे काय काम झालं? मला हा आक्षेप कधीच पटला नाही. आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनवाल्याला आणि तबलजीला कुणी कमी लेखलं असेल, तर ते न ऐकणाऱ्यांनीच. रूट्सना तिथे रोज नवी चाल बसवावी लागे, आणि प्रेक्षकांतल्या एखाद्याची माहिती विचारून सांगाल त्या शैलीत जागच्या जागी गाणं रचण्याचा त्यांचा खेळ तर पाहण्यासारखा. २०१४ साली फॅलन 'टुनाइट शो'त गेला, तेव्हा बँडही बरोबर गेला. त्याच वर्षी त्यांचे जुने व्यवस्थापक रिचर्ड निकोल्स वारले. २०२० साली मलिक बी गेला, २०२१मध्ये जुना बेसवादक लिओनार्ड हबर्ड. २०१४च्या आल्बमनंतर दहा वर्षं नवा स्टुडिओ आल्बम आला नाही. क्वेस्टलव्ह चित्रपटाकडे वळला. १९६९च्या हार्लेममधल्या संगीत महोत्सवाचं, पन्नासेक वर्षं पडून राहिलेलं चित्रण वापरून त्याने 'समर ऑफ सोल' हा माहितीपट केला, त्याला २०२२ साली ऑस्कर मिळालं.

आणि तारिक? डिसेंबर २०१७मध्ये तो न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्रावर गेला आणि सलग दहा मिनिटं, कागद न घेता, रॅप करत राहिला. ते ध्वनिचित्रण लाखो लोकांनी पाहिलं. तीस वर्षं ड्रमवाल्याच्या शेजारी उभ्या असलेल्या या माणसाकडे अनेकांचं तेव्हा पहिल्यांदा लक्ष गेलं. त्या दिवशी त्याच्या मागे बँड नव्हता. केंद्रावरच्या डीजेने एक जुनी चाल लावली होती, आणि ती फिरत होती.