कारभारी केव्हा बदलावा?

बाजार तेजीत असतो तेव्हा कंपनीचा मुख्य अधिकारी कोण, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मंदीची चाहूल लागली, की संचालक मंडळापुढे तोच प्रश्न उभा राहतो. दोन्ही वाटा धोक्याच्या असतात. जुना माणूस ठेवावा, तर जुनीच धोरणे चालू राहण्याचे भय. नवा आणावा, तर त्याला कारभार समजेपर्यंत वेळ निघून जाण्याचे भय. अशा वेळी मन परिचितालाच धरून राहते, आणि त्या भीतीलाच सावधगिरी म्हटले जाते.

अमेरिकेतील दोन मोटार कंपन्यांचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. २००६ साली फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघीही तोट्यात होत्या. पेट्रोल महागले होते व जपानी मोटारींची स्पर्धा वाढली होती. संस्थापक हेन्री फोर्ड यांचे पणतू बिल फोर्ड यांनी त्या वर्षी सप्टेंबरात मुख्याधिकारीपद स्वतः होऊन सोडले. त्यांच्या जागी मंडळाने बोइंग या विमान कंपनीतून अ‍ॅलन मुलाली यांना आणले. वर्ष संपण्यापूर्वीच कंपनीने आपली मालमत्ता, इतकेच नव्हे तर आपले बोधचिन्हही तारण ठेवून २,३०० कोटी डॉलरांहून अधिक कर्ज उभारले.

जनरल मोटर्सच्या मंडळाने मात्र २००० सालापासून प्रमुख असलेल्या रिक वॅगनर यांच्यावरचा विश्वास कायम ठेवला. २००७ सालचा तोटा ३,८०० कोटी डॉलरांवर गेला, तरी निर्णय बदलला नाही. पुढे २००८ साली कर्जाचा बाजारच आटला व कंपनीला सरकारकडे हात पसरावा लागला. मार्च २००९ मध्ये वॅगनर सरकारच्या सांगण्यावरून पायउतार झाले आणि १ जून रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. फोर्डवर ती पाळी आली नाही.

याचा अर्थ सारा दोष एका व्यक्तीचा होता, असा नव्हे. निवृत्तिवेतनाचा व औषधोपचाराच्या खर्चाचा बोजा जुनाच होता. फोर्डमध्येही हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्याच. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे कोणत्याच मंडळाला ठाऊक नव्हते. परंतु अनिश्चितता सरण्याची वाट पाहत बसणे, हाही एक निर्णयच असतो. मंडळाने तो वेळेवर घेतला नाही, तर अखेरीस तो सावकार किंवा सरकार घेते. आणि त्याची किंमत ज्यांना मंडळात आसन नाही, त्या कामगारांनाही मोजावी लागते.