पुठ्ठा, टॉवेल आणि इडलीपात्र: घरच्या प्राण्यांसाठी पझल खेळणी

दापोडी आणि पिंपरी या दोन स्टेशनांच्या मध्ये कासारवाडी. जुना मुंबई-पुणे रस्ता, त्याला लागून लोहमार्ग, मार्च २०२२ पासून डोक्यावरून जाणारी मेट्रो आणि सभोवती कारखाने. इथल्या घरांचा दिवस शिफ्टवर चालतो. नवरा फर्स्ट शिफ्टला, बायको जनरलला आणि मुलं शाळा-क्लासला गेली की दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये उरतो तो कुत्रा नाहीतर मांजर. संध्याकाळी कुलूप उघडावं तर चपलेचा पट्टा तुटलेला, उशीचा कापूस बाहेर आलेला, आणि शेजारच्या काकूंची तक्रार तयार: “दिवसभर भुंकत होता हो.” आपण त्याला खोडकर ठरवून मोकळे होतो. खरं तर बऱ्याचदा त्या जनावराला दिवसभर करायला काहीच नसतं. ही उणीव भरून काढायला महागडं काही लागत नाही. घंटागाडीत जाणारा सुका कचरा आणि त्याच्या रोजच्या खाण्यातलेच काही दाणे पुरतात.

शोधणं ही त्याची भूक

कुत्र्याचे पूर्वज अन्न हुंगत, उकरत, फाडत मिळवायचे. मांजर मोकळी असली तर दिवसभरात थोड्याथोड्या वेळाने लहान शिकार करते. आपण दोघांनाही ताट वाढून देतो आणि दोन मिनिटांत जेवण संपतं. पोट भरतं, पण नाक, पंजा आणि डोकं रिकामंच राहतं.

१९६३ मध्ये ग्लेन जेन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग केला. समोर वाटीत फुकट अन्न ठेवलेलं असतानाही बरेच उंदीर कळ दाबून मिळणारं अन्न पसंत करत होते. पुढे इतर अनेक प्राण्यांतही हेच दिसलं. १९७० च्या दशकात हॅल मार्कोविट्झ या संशोधकाने अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात गिबनांसाठी कळ ओढून अन्न मिळवण्याची सोय केली, आणि बंदिस्त प्राण्याला नुसतं खाऊ घालून भागत नाही, त्याला काम द्यावं लागतं, हा विचार प्राणिसंग्रहालयांत रुजत गेला. आपल्या पुणे जिल्ह्यात, जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रातही बिबट्यांना बसायला मचाण आणि चढायला ओंडके असतात. बंद दाराआड दिवस काढणाऱ्या घरच्या प्राण्याचं दुःख त्याहून फार वेगळं नाही.

मांजराचं मात्र थोडं निराळं आहे. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या संशोधकांनी १७ पाळीव मांजरांसमोर कोड्यातलं आणि ताटातलं अन्न असे दोन्ही पर्याय ठेवले, तर बहुतेकींनी सरळ ताटातलंच खाल्लं. म्हणून मांजरासाठी कोडं अगदी सोपं असावं आणि तिने पाठ फिरवली तरी तिला उपाशी ठेवू नये. सलग दिवसभराहून जास्त काही न खाणं मांजराच्या यकृताला घातक ठरू शकतं.

फोक्सवॅगनचा रबरी तुकडा

आज जगभर विकलं जाणारं ‘काँग’ नावाचं रबरी खेळणं गाडीच्या सुट्या भागातून जन्मलं. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जो मार्कहम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवून घेत होता. मार्कहम आपली फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करत बसलेले. दगड सुटावा म्हणून ते त्याच्याकडे एकेक सुटा भाग टाकत होते. सस्पेन्शनमधला एक रबरी तुकडा त्याला इतका आवडला, की त्या आकारावरून मार्कहमनी खेळणं घडवलं आणि १९७६ मध्ये कंपनी काढली.

फोक्सवॅगनचा कारखाना २००९ पासून आपल्या चाकणला आहे, आणि नाशिक फाट्यावरून चाकणकडे रोज हजारो कामगार जातात. त्यामुळे ही गोष्ट ऐकून कोणाच्याही मनात येईल, की शॉपमधला एखादा बुश किंवा ग्रोमेट कुत्र्यासाठी आणावा. तसं अजिबात करू नका. मार्कहमनी सापडलेला तुकडा विकायला काढला नाही, चावण्याजोग्या रबरात नवं खेळणं तयार केलं. गाडीच्या रबरात काजळी आणि तऱ्हेतऱ्हेची रसायनं असतात, त्यावर तेल-ग्रीस लागलेलं असतं आणि चावल्यावर त्याचे तुकडे पडतात. पार्ट गुंडाळून येतो तो गंजरोधक कागद, खोक्याला आवळलेली प्लॅस्टिकची पट्टी, केबल टाय, फोम, थर्माकोल यांतलं काहीही प्राण्याच्या तोंडी जाऊ नये. कंपनीचा रिकामा बॉक्स कितीही मजबूत असला तरी त्यात आधी काय भरलेलं होतं ते आपल्याला ठाऊक नसतं. या पट्ट्यात राहणाऱ्यांनी एवढा एक नियम पाळावा: खेळण्याचं सामान घरातलं, कारखान्यातलं नव्हे.

घरातलं काय चालेल

साधा तपकिरी पुठ्ठा, बुटांचं खोकं, कुरिअरचं खोकं, अंड्यांचा कागदी ट्रे, जुना टॉवेल, सुती ओढणी, धुतलेली जुनी सतरंजी. कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी आणि लेबल पूर्ण सोलून काढा. स्टेपलच्या पिना एकेक करून उपटा आणि शेवटी कडांवरून बोट फिरवून बघा. डिटर्जंटचं, फिनाइलचं किंवा औषधाचं खोकं घेऊ नका. बुटांच्या खोक्यातली जेलची पुडी आधी कचऱ्यात टाका. अंड्यांच्या ट्रेवर फुटलेल्या अंड्याचा डाग असेल तर तो ट्रे बाद.

चिकटवायचं झालं तर घरची खळ करावी. चमचाभर मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळला की झालं. ती थोडी पोटात गेली तरी बिघडत नाही. मात्र चिकटवलेली वस्तू उन्हात कडक वाळवा, नाहीतर मुंग्या लागतात.

पहिलं खेळणं: टॉवेलची गुंडाळी

सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे, कारण यात चुकण्यासारखं फारसं नाही. टॉवेल जमिनीवर लांब पसरा. त्यावर कोरड्या खाण्याचे मूठभर दाणे विखरून टाका आणि पोळीची गुंडाळी करतो तशी सैल गुंडाळी करा. पहिल्यांदा शेवटची वीतभर बाजू उघडीच ठेवा, म्हणजे दोन-चार दाणे डोळ्यांना दिसतील. कुत्रा नाकाने ढकलेल, गुंडाळी अर्धी उलगडेल, आत आणखी दाणे सापडतील. त्याच्या श्वासाचा आवाज बदलतो तो ऐका. भराभर, लहान लहान फुसफुस सुरू होते. तो वास घेण्यात पूर्ण बुडाल्याची ती खूण आहे.

हे जमलं की गुंडाळी घट्ट करा. मग ती मधोमध दुमडा. त्यानंतर तिला एक सैल गाठ मारा आणि गाठ मारलेला टॉवेल खोक्यात ठेवा. एकेक पायरी त्याला सहज जमेपर्यंत पुढची नको. तो मागे सरला, जांभया देऊ लागला किंवा चिडून टॉवेल झटकू लागला, तर कोडं अवघड झालंय असं समजून एक पायरी खाली या. टॉवेल फाडून धागे गिळणारा कुत्रा असेल तर हा खेळ त्याच्यासाठी नाही.

इडलीपात्र आणि चेंडू

परदेशात दाणे लपवण्याच्या खेळासाठी छोट्या खळग्यांचा केकचा साचा वापरतात. आपल्याकडे त्याहून सोयीचं भांडं आहे. जुन्या इडलीपात्राची मधली दांडी काढा आणि एक ताटली जमिनीवर ठेवा. प्रत्येक खळग्यात दोन-तीन दाणे टाकून वर टेनिसचा चेंडू बसवा. टेनिसच्या चेंडूचा व्यास साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे इडलीच्या खळग्यात तो बेताचा बसतो आणि नाकाने ढकलला की घरंगळतो. ताटलीला भोकं असतील तर वास येत राहतो आणि कुत्रा चिकाटी सोडत नाही.

पहिल्या दिवशी चेंडू न ठेवता नुसते दाणे टाका. मग एकाच खळग्यावर चेंडू ठेवा, मग सगळ्यांवर. त्यानंतर काही खळगे रिकामे ठेवून त्यांवरही चेंडू ठेवा. आता त्याला नाकावर विसंबूनच ठरवावं लागतं. ताटली घसरत असेल तर खाली ओलं पोतेरं अंथरा. कडा धारदार असलेलं किंवा पत्रा उचकटलेलं भांडं घेऊ नका. खेळ संपला की चेंडू उचलून ठेवा, कारण तो चावत बसलं की दात झिजतात आणि मोठ्या कुत्र्याच्या घशात चेंडू अडकूही शकतो.

फाडण्याचं सुख

मोठ्या खोक्यात लहान खोकं, त्यात चुरगळलेला साधा कागद, त्यात दाणे. फाडायची हौस असलेल्या कुत्र्याला हे सगळ्यात प्रिय. घरभर पुठ्ठ्याचे तुकडे होतील, होऊ द्या. झाडून काढायला पाच मिनिटं लागतात आणि सोफा वाचतो. फक्त तो फाडतोय की गिळतोय याकडे लक्ष हवं. अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यांत दाणे टाकून वर दुसरा ट्रे उपडा घातला तरी छान खेळ होतो.

पाण्याच्या बाटलीत दाणे भरून लोळवायला देणं फार प्रचलित आहे. मला ते पसंत नाही. झाकण, त्याखालची कडी आणि लेबल काढून, तुम्ही समोर बसला असाल तरच द्या. बाटली चेपून कड उचकटली की लगेच काढून घ्या.

मांजरासाठी

कापडाच्या दुकानात ताग्यातली पुठ्ठ्याची नळी उरते. पिंपरी कॅम्पात मागितली तर मिळून जाईल. करवतीने तिचे वेगवेगळ्या उंचीचे तुकडे करा आणि बुटांच्या खोक्यात खळीने उभे चिकटवा. नळीत पंजा जावा, डोकं मात्र जाता कामा नये. सुरुवातीला सगळ्यात बुटक्या नळीत, अगदी वरच दाणे ठेवा. मांजर पंजाने एकेक दाणा बाहेर काढते, तेव्हा तिच्या मिशा पुढे झुकलेल्या दिसतात.

मांजराच्या खेळण्यात सुतळी, लोकर, रिबन, रबरबँड कधीही ठेवू नका. दोरा जिभेच्या मुळाशी अडकतो, त्याचं दुसरं टोक आतड्यात उतरतं आणि आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही.

पक्षी

लव्हबर्ड किंवा बजी असतील तर घासून स्वच्छ केलेल्या करवंटीत राळे घालून वर कोथिंबिरीची जुडी खोचा. तीच करवंटी कुत्र्याला मात्र नको, तिच्या कपच्या निघतात. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे त्याच्यासाठी खेळणं सुचवण्याचा प्रश्नच येत नाही.

आत काय भरायचं

रोजच्या खाण्यातलाच वाटा काढून भरा. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. कुत्र्यासाठी गाजराचे तुकडे, उकडलेला लाल भोपळा, हाडं काढलेलं बिनमसाल्याचं चिकन, ज्वारीच्या शिळ्या भाकरीचे लहान तुकडे चालतात. मांजरासाठी उकडलेली, काटे काढलेली मासळी. खारवलेली सुकट नको. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट हे सगळं विषारी आहे, म्हणून कांदा-लसणाच्या रश्श्यात बुडवलेली भाकरीही बाद. शेंगदाण्याचं बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का ते आधी वाचा. ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

वेळ आणि पहारा

नवं खेळणं सुट्टीच्या दिवशी, स्वतः समोर बसून द्यावं. शिफ्टला निघताना एकट्याकडे सोडायचं ते फक्त ओळखीचं, आणि ज्यातलं तो काही गिळत नाही याची खात्री पटलेलं. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ पुरेसा असतो. दोन प्राणी असतील तर वेगळ्या खोल्यांत द्या, एरवी गुण्यागोविंदाने राहणारेही अन्नावरून भांडतात. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा विसर्जनाच्या ढोलताशांत खिडक्या लावून टॉवेलची गुंडाळी देऊन पाहा. फार घाबरलेला प्राणी खाणार नाही, तेव्हा आग्रह करू नका. पावसाळ्यात पुठ्ठा दमट होतो, बुरशी धरतो. वापरला की त्याच दिवशी टाकून द्या.

गिळलंच तर

वारंवार उलटी, खाणं बंद, पोट फुगलेलं किंवा शी करताना कुंथणं यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. त्याने काय गिळलं असेल त्याचा उरलेला तुकडा सोबत घेऊन पशुवैद्यांकडे जा. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका, ओढल्याने आतडं कापलं जाऊ शकतं. घरच्या घरी मीठ पाजून उलटी करवण्याचा प्रयत्नही करू नका.