कटाची कथा कां खुंटते?

जपानी सजीवचित्रांच्या मालिका, ज्यांना 'अॅनिमे' म्हणतात, त्या आतां शिरूर अनंतपाळसारख्या गांवींही घरबसल्या पाहावयास मिळतात. 2019 सालीं आलेली 'बॅबिलोन' ही 12 भागांची मालिका त्यांपैकीं एक. तींतील सरकारी वकील एका औषध-कंपनीच्या प्रकरणाचा तपास करतां करतां मोठ्या राजकीय कटापाशीं येऊन ठेपतो. एका नव्या प्रदेशांत आत्महत्येस कायद्याची मान्यता देण्याचा घाट घातलेला असतो. आरंभ विलक्षण आहे. उत्तरार्धांत मात्र राष्ट्रप्रमुख 'चांगलें म्हणजे काय?' याची चर्चा करीत बसतात आणि आपली निराशा होते.

हा दोष संथपणाचा काय? मला तसें वाटत नाहीं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 1909 सालचें 'भाऊबंदकी' नाटक घ्या. 1773 मध्यें शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हें प्रेक्षकांस आधींच ठाऊक असतें. 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिकाहि घरोघरीं परिचित. म्हणजे रहस्य असें कांहींच उरत नाहीं. तरी मन गुंतून राहतें. कारण राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्र्यांचा प्रत्येक शब्द त्यांच्या पदावर आणि प्राणावर बेतणारा आहे.

'बॅबिलोन'मधील चर्चेंत बोलणाऱ्याचें काय पणास लागलें आहे, हें फारसें जाणवतच नाहीं. कटाची कथा सावकाश चालली तरी चालेल. परंतु तींतील सत्य बोलणाऱ्यास त्याची किंमत मोजावी लागली पाहिजे. राजकारणांतील भाषणें ऐकतांनाहि हीच कसोटी लावून पाहावी.