तिकडे पाऊस आहे का?

‘जेवण झालं का?’, ‘पाऊस काय म्हणतोय?’, ‘आज फारच उकडतंय’ ही वाक्ये मराठी माणसाच्या तोंडी दिवसातून किती वेळा येतात याची मोजदाद कोणी ठेवत नाही, कारण त्यांतून काही विशेष सांगितले किंवा विचारले जात आहे असे बोलणाऱ्यालाही वाटत नसते. ‘हवापाण्याच्या गप्पा’ म्हणून असे बोलणे बाजूला सारण्याची रीतच आहे. मात्र इंटरनेट घराघरांत पोहोचल्यापासून, ज्यांनी एकमेकांना क्वचित पाहिले आहे किंवा कधीच पाहिलेले नाही अशा माणसांतही मैत्री होऊ लागली, आणि या मैत्रीतील बोलण्याचा मोठा भाग हवा, चहा, डबा, प्रवास आणि झोप यांनीच व्यापलेला दिसतो. समोरासमोरच्या गप्पांतील वाक्ये जशीच्या तशी पडद्यावर आली असली, तरी तेथे त्यांचे काम बदलले आहे; ते कसे बदलले हे पाहण्यासाठी आधी त्यांचे मूळचे काम समजून घ्यावे लागते.

बोलण्यासाठी बोलणे

अशा बोलण्याकडे अभ्यासविषय म्हणून लक्ष वेधले ते पोलंडमध्ये जन्मलेले आणि ब्रिटनमध्ये नावारूपाला आलेले मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहून त्यांनी तेथील लोकांचे जीवन आणि भाषा यांचा अभ्यास केला होता. १९२३ मध्ये ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ या ग्रंथाला जोडलेल्या निबंधात त्यांनी ‘फॅटिक कम्युनियन’ ही संज्ञा मांडली, जिला मराठीत ‘संपर्कनिष्ठ बोलणे’ म्हणता येईल. म्हणजे माहिती देण्यासाठी किंवा विचार पटवण्यासाठी केलेले नव्हे, तर दोन माणसांत नाते आहे एवढे दाखवण्यासाठी केलेले बोलणे. प्रकृतीची विचारपूस, हवेवरचे शेरे आणि डोळ्यांसमोर उघड असलेल्या गोष्टींचा उच्चार ही त्यांनी दिलेली उदाहरणे होती. शेजारी बसलेला अनोळखी माणूस गप्प राहिला तर मनाला धाकधूक वाटते, आणि त्याने दोन शब्द बोलले की ती ओसरते, असे त्यांचे निरीक्षण होते.

पुढे भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात भाषेची सहा कार्ये सांगितली आणि त्यांत या संपर्काच्या कार्याला स्वतंत्र जागा दिली. दोघांमधील वाट खुली आहे ना, ऐकणारा अजून ऐकत आहे ना, याची खात्री करून घेणे हे ते कार्य होय. फोनवरचे ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ आणि ऑनलाइन बैठकीत प्रत्येकाला विचारावे लागणारे ‘माझा आवाज येतोय का?’ ही त्याची सर्वांच्या परिचयाची रूपे आहेत.

हवा हा विषय या कामासाठी सोयीचा ठरतो, कारण ती कोणाच्या मालकीची नसते, तिच्याबद्दल बोलल्याने कोणी दुखावत नाही आणि तिचा अनुभव उपस्थित सर्वांना सारखाच येत असतो. इंग्रज माणसे भेटली की आधी हवेविषयी बोलतात, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५८ मध्येच एका निबंधात नोंदवले होते. तर केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००४ च्या ‘वॉचिंग द इंग्लिश’ या पुस्तकात या बोलण्याचा एक अलिखित नियमच दाखवून दिला, तो म्हणजे हवेबद्दल समोरचा जे म्हणेल त्याला होकार द्यायचा. ‘उकडतंय ना?’ या प्रश्नाला ‘हो ना, काही विचारू नका’ हेच उत्तर अपेक्षित असते. ‘मला तर नाही वाटत’ असे म्हणणारा माणूस तापमानाबद्दल मतभेद दाखवत नसून संभाषणाचे दार लोटून घेत असतो.

मराठीत या बोलण्याला शेतीची बैठक लाभली. ‘पाऊसपाणी कसं काय?’ या प्रश्नात पावसाबरोबर पेरणी, पीक, विहिरीचे पाणी आणि घरची परिस्थिती या सगळ्यांची चौकशी येते. मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांची नावे, वळीव, सर, झड, रिपरिप, संततधार, उघडीप असे पावसाच्या प्रत्येक तऱ्हेला असलेले शब्द, हा सारा या विचारपुशीचाच शब्दसंग्रह होय. पत्रव्यवहारातही ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील कुशल कळवावे’ या धाटणीच्या मजकुराला मानाचे स्थान होते. पत्र पोहोचायला काही दिवस लागत, त्यामुळे त्यातील पाऊस हा त्या क्षणाचा नसून हंगामाचा असे. ‘यंदा पाऊस बरा आहे’ हे वाक्य आठवडाभराने वाचले तरी शिळे होत नसे.

एक आभाळ आणि अनेक आभाळे

मालिनोव्स्की यांच्या मांडणीत एक गोष्ट गृहीत आहे: बोलणारे दोघे एकाच जागी, एकाच आभाळाखाली आहेत. म्हणूनच ‘पाऊस पडतोय’ या वाक्यात माहिती उरत नाही, कारण ऐकणाराही भिजतच असतो. ऑनलाइन मैत्रीत हे गृहीतकच निघून जाते. रत्नागिरीतील व्यक्तीने नागपुरातील मित्राला ‘पाऊस पडतोय’ असे लिहिले, तर ती त्याच्यासाठी बातमी असते. जे वाक्य एका खोलीत निव्वळ उपचाराचे होते, ते दोन गावांमध्ये गेले की त्याला अर्थ येतो; आणि तरीही त्याचा मूळचा स्नेह त्याच्यापाशी राहतो, कारण ही बातमी मित्राच्या कोणत्याही उपयोगाची नसते आणि केवळ तो मित्र आहे म्हणून त्याला कळवलेली असते.

त्यासाठी देशाबाहेर जाण्याचीही गरज नाही. कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील, म्हणजे डोंगराने अडवल्यामुळे ढगांचे पाणी जेथवर पुरेसे पोहोचत नाही अशा, माणदेशात तो सुमारे ५०० मिलिमीटरवर थांबतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा मुंबईकर त्याहून दहा-बारा अंश कमी तापमानात घामाने हैराण असतो. त्यामुळे येथे होकाराचा नियम चालत नाही आणि त्याची जागा जबाबी वार्ता घेते. एकाने आपल्याकडची हवा सांगायची आणि दुसऱ्याने ‘आमच्याकडे मात्र...’ म्हणून आपली सांगायची, अशी ही रचना असते. ‘हा कसला उन्हाळा, आमच्याकडे येऊन बघा’ ही वैदर्भीय बढाई याच रचनेतून येते आणि ती वादासाठी नसून आपलेपणाचीच एक तऱ्हा असते.

परदेशातील मराठी माणूस या गप्पांत आला की अंशही बदलतात. पुण्यात ३२ अंश ही साधी दुपार असते, पण अमेरिकेत तापमान फॅरनहाइटमध्ये मोजले जात असल्याने न्यू जर्सीतील मैत्रिणीच्या ३२ अंशांना पाणी गोठते. दक्षिण गोलार्धातील मेलबर्नमध्ये मृगाच्या सुमारास हिवाळा सुरू झालेला असतो आणि दिवाळी वसंतात येते. घड्याळाचेही तसेच आहे. भारत आणि न्यूयॉर्क यांच्या वेळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते, कारण तेथे घड्याळे वर्षातून दोनदा पुढे-मागे केली जातात. त्यामुळे एकाची ‘शुभ सकाळ’ दुसऱ्याच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी पोहोचते, आणि ‘आत्ता तुमच्याकडे किती वाजले?’ हा प्रश्न गप्पांचा कायमचा भाग होऊन बसतो. काही महिन्यांच्या बोलण्यानंतर तो विचारावा लागत नाही. मैत्रीण आता डबा भरत असेल, आता लोकलमध्ये असेल, याचा अंदाज आपोआप येतो. समोर नसलेल्या माणसाचा दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो, तो या किरकोळ तपशिलांच्या साठ्यातून.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. कोणत्याही शहराचे तापमान फोनवर क्षणात दिसत असताना ते मित्राला का विचारावे? याचे उत्तर असे की, अॅप शहराचे तापमान सांगते आणि मित्र त्या तापमानाचे घरात काय झाले ते सांगतो. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भिजवूनही झोप लागली नाही, चार दिवस झाले तरी दोरीवरचे कपडे वाळले नाहीत, मुंबईत हिंदमातेला पाणी भरल्यामुळे घरी पोहोचायला रात्र झाली, ही वाक्ये हवेची असली तरी त्यांचा विषय माणूस असतो. भारतीय हवामान विभागाने २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. पण त्या दिवशी ज्यांची माणसे मुंबईत होती त्यांना या आकड्यापेक्षा आपला माणूस कुठे अडकला आहे हे कळण्याची निकड होती. कोण कुठे राहतो, कोणत्या मार्गाने कामावर जातो, घरी कधी परततो, हे रोजच्या गप्पांतून माहीत झालेले असले, तर अशा वेळी कोणाची चौकशी करायची हे वेगळे शोधावे लागत नाही.

उपस्थिती आणि अनुपस्थिती

दिनक्रमाच्या गप्पांचे काम याहून सूक्ष्म आहे. कट्ट्यावर किंवा पारावर बसलेल्या मंडळींत एखादा तासभर काही बोलला नाही, तरी तो तेथे असतोच. मान हलवणे, हसणे, चहाचा पेला पुढे करणे यांतून त्याची उपस्थिती जाणवत राहते. पडद्यावर देह नसतो, त्यामुळे न बोलणारा आणि नसणारा यांत फरक करता येत नाही. मराठी संकेतस्थळांवर नुसते वाचत राहणाऱ्या सदस्याला ‘रोमात आहे’ असे म्हणतात, म्हणजे तो केवळ वाचनापुरता हजर आहे. मात्र तो हजर होता हे इतरांना कळते, ते त्याने तसे कबूल केल्यावरच. म्हणून ऑनलाइन मैत्रीत उपस्थिती शब्दांनीच नोंदवावी लागते, आणि ‘आलो’, ‘चहा झाला’, ‘निघते आता’ हे शब्द त्या नोंदवहीतील सह्या असतात.

जपानमधील तरुणांच्या मोबाइल संदेशांचा अभ्यास करणाऱ्या मिझुको इतो आणि दाइसुके ओकाबे यांना या शतकाच्या आरंभी हेच दिसले होते. नुकतेच उठल्याचे, थकल्याचे किंवा आता आंघोळीला जात असल्याचे कळवणारे संदेश उत्तराच्या अपेक्षेने पाठवलेले नसत. दूर असलेल्या माणसाबरोबर एकाच खोलीत वावरत असल्याचा भास त्यांतून टिकवला जाई. खोलीतला माणूस जसा उठता-बसता एखादा उद्गार काढतो, तसेच हे संदेश होते.

मराठी संकेतस्थळांनीही या गरजेसाठी सोय केली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले आणि पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले. तेथे कथा-कविता आणि चर्चा जपून ठेवल्या जात असताना गप्पांसाठी मात्र ‘वाहते पान’ ही वेगळी व्यवस्था झाली. अशा पानावर नवे संदेश आले की जुने नाहीसे होतात. साठवण्याजोगे बोलणे आणि वाहून जाण्यासाठीचे बोलणे यांतील फरक या नावात नेमका पकडला आहे. संदेश वाहून गेले तरी ओळख साचत राहते, आणि तिच्यातूनच पुढे प्रत्यक्ष भेटीचा कार्यक्रम, म्हणजे तेथील भाषेत ‘गटग’, ठरतो.

या नियमिततेचा दुसरा परिणाम असा की अनुपस्थितीला अर्थ येतो. रोज सकाळी हवेबद्दल दोन ओळी लिहिणारा माणूस चार दिवस दिसला नाही तर कोणीतरी त्याची चौकशी करते, आणि ही चौकशी शक्य होते ती त्याची रोजची वेळ ठरलेली असल्यामुळेच. दुःख, आजारपण, नोकरी जाणे यांसारख्या गोष्टी एकदम सांगता येत नाहीत. त्यांना आधी ‘आज बरं वाटत नाहीये’ अशा साध्या वाक्याची वाट हवी असते, आणि ती वाट रोजच्या वर्दळीने मळलेली असली तरच त्या वेळी सापडते.

मात्र संपर्कासाठी केलेले प्रत्येक बोलणे हे काम करतेच असे नाही. फुले, सूर्योदय आणि सुविचार असलेली ‘शुभ सकाळ’ची चित्रे भारतात इतकी पुढे पाठवली जातात की, त्यांनी फोनची जागा भरून जाऊ लागल्यावर २०१८ च्या सुमारास गुगलच्या फाइल सांभाळणाऱ्या अॅपमध्ये ती शोधून पुसण्याची सोय करावी लागली. अशा चित्रातील सूर्य कुठल्याच गावात उगवलेला नसतो. पाठवणारा जागा आहे यापलीकडे त्याच्याविषयी काही कळत नाही. याउलट ‘इकडे धुकं आहे, दूधवाला अजून आलेला नाही’ या एका ओळीत जागा, वेळ आणि माणूस तिन्ही असतात.

याच कारणामुळे थोडी सावधगिरीही हवी. घरातून निघण्याची वेळ, रोजचा रस्ता, घर रिकामे असण्याचे दिवस हे तपशील मित्रांच्या लहान वर्तुळात जिव्हाळ्याचे असतात, पण शेकडो अनोळखी सदस्य असलेल्या ठिकाणी तेच एखाद्याच्या हाती घराचे वेळापत्रक देऊ शकतात. गावाला जाऊन आल्यावर तेथल्या पावसाचे वर्णन करण्यात काही बिघडत नाही. निघण्याआधी तारखांसह ते जाहीर करू नये.

एवढी काळजी घेतली, तर हवापाण्याच्या गप्पांना रिकामपणाचा उद्योग ठरवण्याचे कारण उरत नाही. एका आभाळाखालच्या माणसांना त्यांच्यावाचून चालले असते, वेगवेगळ्या आभाळांखालच्या मित्रांना चालत नाही. म्हणून ‘तिकडे पाऊस आहे का?’ असा प्रश्न पडद्यावर उमटला, तर त्याला आयते चित्र किंवा अॅपमधला आकडा पाठवू नये. एकदा खिडकीबाहेर पाहावे आणि कपडे वाळले की नाही, एवढे तरी कळवावे.