फ्रिजमधला गॅस संपत नाही

फ्रिजचे कूलिंग कमी झाले, दूध नासू लागले, की घरात पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: गॅस संपला असेल. मेकॅनिकही पुष्कळदा याच निष्कर्षाला दुजोरा देतो, कारण गिऱ्हाईक तो आधीच मनाशी धरून बसलेले असते. पण फ्रिजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅससारखा जळत नाही की खर्चही होत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकणारा हमाल आहे. बर्फाच्या खणाभोवतीच्या नळीत तो उकळतो आणि उकळताना आतली उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, मागच्या जाळीत तो ती उष्णता स्वयंपाकघरात सोडून पुन्हा द्रव होतो आणि केसासारख्या बारीक नळीतून परत आत जातो. हे चक्र पूर्ण बंदिस्त असते आणि सांधे धातूने जोडलेले असतात. वीस वर्षांनीही त्यात पहिल्या दिवशीचाच गॅस असायला हरकत नाही. तेव्हा कूलिंग बिघडले की गॅस किती उरला हे विचारण्याआधी उष्णता कुठे अडते आहे हे पाहायला हवे.

गॅस भरण्याची कल्पना अगदीच हवेतून आलेली नाही. सुरुवातीच्या घरगुती फ्रिजमध्ये मोटर बाहेर आणि कॉम्प्रेसर वेगळा असे, आणि फिरता दांडा जिथून आत शिरे तिथल्या सीलमधून गॅस झिरपत राही. तोही अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मेथिल क्लोराइड असला विषारी. अशा गळतीने माणसे दगावत, म्हणून आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी हलते भागच नसलेला फ्रिज योजला. त्याचे अमेरिकी पेटंट 1930 चे आहे. पण त्याआधीच, 1927 मध्ये, जनरल इलेक्ट्रिकने मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बंद पोलादी डब्यात ठेवणारा फ्रिज बाजारात आणून या प्रश्नाची धार घालवली होती. 1958 मध्ये गोदरेजने भारतात फ्रिज बनवायला घेतले तोवर असे बंद कॉम्प्रेसर घरोघरचे झाले होते. म्हणजे दांड्याच्या सीलमधून झिरपणारा फ्रिज आपल्या बहुतेक घरांनी कधी पाहिलाच नाही. मग कारच्या एसीत दर काही वर्षांनी गॅस का भरावा लागतो, असे कुणी विचारील. तिथला कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्याला दांड्याचे सील असते, नळ्यांत रबरी होज असतात आणि सगळे सतत हादरत असते. घरच्या फ्रिजला यातले काहीच लागू नाही.

उष्णता अडण्याची पहिली जागा म्हणजे मागची जाळी. तिच्यावर धूळ आणि फोडणीच्या तेलाचा थर बसला, किंवा फ्रिज भिंतीला टेकवून ठेवला, की जाळी जास्त तापल्याशिवाय उष्णता बाहेर पडत नाही. आतली नळी उणे 25 अंशांवर आणि जाळी 45 अंशांवर असेल, तर आदर्श यंत्र एक युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता बाहेर नेते; जाळी 60 अंशांवर गेली की तेच यंत्र तीनच्याही खाली येते. खरे यंत्र यापेक्षा कमीच काम करते, पण घसरण त्याचीही होते. नव्या फ्रिजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्याआड असते. तो पत्रा गरम लागतो म्हणून लोक घाबरतात. खरे तर तो गरम लागणे हे गॅस शाबूत असल्याचे लक्षण आहे. हवामानाचाही हिशेब आहे. फ्रिजवरच्या पट्टीवर टी हा वर्ग लिहिलेला असेल तर तो 43 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असतो. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा कॉम्प्रेसर जवळजवळ अखंड चालला तर तो बिघाड म्हणता येत नाही.

दार सारखे उघडू नका हा घरातला लाडका उपदेश आहे, पण आकडे थोडे वेगळे सांगतात. दोनशे लिटर जागेतली सगळी हवा बदलली आणि बाहेर पावसाळी दमट 30 अंश असले, तर हवा थंड करायला सुमारे 6 किलोज्यूल आणि तिच्यातली वाफ दवात बदलायला सुमारे 9, म्हणजे एकूण 15 किलोज्यूल लागतात. दोन लिटर आमटी 60 अंशांवर असतानाच आत ठेवली, तर तिच्यातून साडेचारशेहून अधिक किलोज्यूल काढावे लागतात. मुलांनी तीस वेळा दार सताड उघडावे तेवढी उष्णता त्या एका पातेल्यात असते. (अन्न तासन्‌तास बाहेर ठेवणेही धोक्याचेच, पसरट भांड्यात काढून लवकर निववावे.) दारातून येणारी खरी पीडा म्हणजे ओल. दाराचे रबर कडक झाले, फाटले, तर ती रात्रंदिवस आत येत राहते. दारात कागद धरून ओढावा; तो सहज निघून आला तर तिथे रबर बसत नाही. बऱ्याचदा ते साबणाच्या कोमट पाण्याने पुसले तरी पुन्हा चिकटते.

आणि ओल म्हणजे पुढे बर्फ. हा भुसभुशीत बर्फ थंडी साठवतो असा समज आहे, पण प्रत्यक्षात त्यात हवा अडकलेली असते आणि ॲल्युमिनियमच्या तुलनेत तो शेकडो पटींनी कमी उष्णता वाहतो. एकदारी फ्रिजमध्ये तो डोळ्यांना दिसतो आणि डीफ्रॉस्टचे बटण दाबता येते. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये थंड नळ्या फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड असतात आणि पंखा त्यांच्यावरची हवा वरून खाली खेळवतो. तिथे साचलेला बर्फ ठरावीक काळाने एक हीटर वितळवतो, आणि पाणी नळीने कॉम्प्रेसरजवळच्या तबकात जाऊन सुकते. हीटर, त्याचा फ्यूज किंवा सेन्सर यातले काही गेले की पत्र्याआड बर्फाची भिंत उभी राहते आणि हवेची वाट बंद होते. मग वर बर्फ टणक आणि खाली दूध नासलेले, अशी स्थिती येते. गॅस अगदी पुरेसा असतानाही.

येथे सगळ्यात वजनदार आक्षेप येतो: गॅस भरल्यावर आमचा फ्रिज सुरू झाला, त्याचे काय? गॅस भरण्याच्या निमित्ताने काय काय घडले ते पाहावे लागेल. फ्रिज रिकामा झाला, बंद पडून राहिला, दारे उघडी राहिली, भिंतीपासून पुढे ओढला गेला, जमले तर जाळीही पुसली गेली. पत्र्याआडचा बर्फ वितळायला एवढे पुरे. श्रेय मात्र गॅसला मिळाले. यातला खरे-खोटेपणा घरीच तपासता येतो. सगळे सामान काढून, प्लग काढून, दोन्ही दारे उघडी टाकून फ्रिज एक पूर्ण दिवस ठेवावा. पुन्हा सुरू केल्यावर तो उत्तम गार करू लागला आणि काही दिवसांनी, आठवड्या-दोन आठवड्यांनी, परत ढेपाळला, तर दोष डीफ्रॉस्टमध्ये आहे. नुसत्या विश्रांतीने गळका गॅस परत येत नाही. दर काही मिनिटांनी ‘टक्’ आवाज होऊन कॉम्प्रेसर बंदच राहत असेल, तर कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले किंवा कमी व्होल्टेज पाहावे.

तरी गळती कधीच होत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत नळ्या गंजतात, आणि एकदारी फ्रिजमध्ये तर कित्येकदा गृहिणीची किंवा गृहस्थाची सुरीच बर्फ खरवडताना ॲल्युमिनियमला भोक पाडते. तेव्हा लक्षणे वेगळी असतात: कॉम्प्रेसर थांबतच नाही, जाळी जेमतेम कोमट राहते, फ्रीझरही ढिला पडतो आणि नळ्यांच्या सुरुवातीच्याच भागावर बर्फ धरतो. बारीक नळी तुंबली तरी असेच दिसते, म्हणून इथे जाणकार माणूस हवाच. पण वरून थोडा गॅस सोडणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. हल्लीच्या फ्रिजमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, तोही बहुधा शंभर ग्रॅमच्या आत. हवेच्या दाबाला तो उणे 12 अंशांच्या आसपास उकळतो आणि आतली नळी त्याहून थंड असते, त्यामुळे चालू फ्रिजच्या थंड बाजूचा दाब हवेपेक्षा कमी असतो. तिथे भोक असेल तर बाहेरची हवा आणि ओल आत ओढली जाते, आणि ती ओल बारीक नळीच्या तोंडाशी गोठते. म्हणून भोक शोधून बुजवणे, ओल टिपणारा ड्रायर बदलणे, पंपाने आतली हवा पूर्ण काढणे आणि पट्टीवर लिहिलेला गॅस वजनकाट्यावर मोजून भरणे, हा क्रम टाळता येत नाही. हा गॅस पेट घेणारा असल्याने नळीत तो शिल्लक असताना तिथे ज्वाला लावणे जिवावर बेतू शकते. ज्याच्या पिशवीत व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा नाही, त्याला गॅसच्या कामाला हात लावू देऊ नये.