प्रेतकथा आणि तिबेटी बोलभाषेचे आकलन

तिबेटी भाषेशी भारतीय अभ्यासकांचा परिचय मुख्यतः ग्रंथांच्या द्वारे झाला. मूळ संस्कृत प्रती लुप्त झालेले अनेक ग्रंथ कंग्युर व तेंग्युर या संग्रहांत भाषांतररूपाने टिकून राहिले आणि त्यांचा शोध हेच या अध्ययनाचे प्रधान प्रयोजन ठरले. चोमा द कोरोश यांचा कोश १८३४ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. शरच्चंद्र दास यांच्या १९०२ च्या कोशात तर संस्कृत पर्यायही दिलेले आहेत. ही साधने वाचकाची होत, श्रोत्याची नव्हेत. म्हणूनच माध्यमक दर्शनाचा ग्रंथ उलगडणाऱ्या अभ्यासकालाही एखाद्या तिबेटी आजीची गोष्ट पुष्कळदा समजत नाही.

याचे एक कारण लेखन आणि उच्चार यांतील अंतर होय. तिबेटी वर्णलेखनाने शतकांपूर्वीचे उच्चार जपले आहेत. ‘आठ’ या अर्थाचा शब्द ब, र, ग, य, द अशा पाच व्यंजनांनी लिहिला जातो. ल्हासाच्या बोलीत तो ‘ग्ये’ असा काहीसा ऐकू येतो. डोळ्याने ओळखलेला शब्द कानाला अनोळखीच राहतो.

हे अंतर ओलांडण्यास ‘रो-डुंग’ म्हणजे प्रेतकथा विशेष उपयोगी पडतात. त्यांचे मूळ भारतीय वेताळकथांत असल्याने वेताळपंचविशीच्या वाचकाला कथेची चौकट आधीच ठाऊक असते. तिबेटी परंपरेत नागार्जुनाच्या आज्ञेवरून नायक स्मशानातून प्रेत आणावयास निघतो. वाटेत त्याने मौन पाळावयाचे असते. संस्कृत कथेत विक्रम कोड्याचे उत्तर देऊन मौन मोडतो; येथे मात्र कथेत रंगलेल्या नायकाच्या तोंडून नकळत उद्गार निघतो आणि प्रेत परत जाते. नायकाला जी चूक भोवते, तीच भाषा शिकणाऱ्याच्या बाबतीत आकलनाची खूण ठरते. योग्य जागी हुंकार किंवा हसू उमटले, म्हणजे भाषा कानात उतरली.

कथा ऐकताना व्याकरणही उलगडते. ल्हासाच्या बोलीत, वक्त्याने घटना स्वतः पाहिली असल्यास क्रियापदाशी ‘सोङ’ येते. न पाहिलेल्या गोष्टीचे निवेदन ‘पा-रे’ने होते. ऐकीव वृत्तासाठी ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेले लघुरूप वापरतात. मराठीतील ‘एक राजा होता म्हणे’ यातील ‘म्हणे’चे कार्य हेच होय. निवेदन आणि पात्रांचे संवाद यांत ही रूपे सतत बदलत असल्याने त्यांतील भेद नियम पाठ करण्याआधीच जाणवू लागतो. आदरार्थी शब्दांचेही तसेच. सामान्य माणसाचे डोके ‘गो’, तर थोरांचे ‘उ’. सामान्याचा हात ‘लाक्पा’, तर थोरांचा ‘छाक’. राजा आणि शेतकरी एकाच कथेत बोलू लागले, की हा भेद आपोआप स्पष्ट होतो.

तथापि, एक सावधगिरी आवश्यक आहे. मुद्रित प्रेतकथांची भाषा बहुधा ग्रांथिक वळणाची असते. कथकाच्या तोंडची अनेक रूपे लेखनात गळून पडतात. तेव्हा मुद्रित पाठ हाताशी ठेवून ध्वनिमुद्रित कथन ऐकणे श्रेयस्कर. १९५९ नंतर भारतात आलेल्या पहिल्या पिढीतील कथक आता थोडेच उरले आहेत. पोथी पुढील वर्षीही वाचता येईल. कथन मात्र कथक आहे तोवरच ऐकता येते.