आटणे, वाळणे, मुरणे : प्राथमिक शाळेतील विज्ञान आणि मुलाची भाषा

ओल्या फडक्याने पुसलेली पाटी वाळण्याची वाट पाहणे हा मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांच्या शाळकरी जीवनाचा नित्याचा भाग होता. मुले पाटी हवेत हलवीत, तिच्यावर फुंकर घालीत, खिडकीतल्या उन्हात ती तिरपी धरीत. उन्हाने आणि वाऱ्याने पाणी लवकर जाते, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. बाष्पीभवनाची व्याख्या मात्र त्यांना त्याच वर्गात, बहुधा त्याच पाटीवर, स्वतंत्रपणे लिहावी आणि पाठ करावी लागे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, अशी शंकाही पुष्कळांना पुढे आयुष्यभर आली नसेल. प्राथमिक शाळेतील विज्ञानशिक्षणाचा प्रश्न नेहमी साहित्याचा, प्रयोगशाळेचा, शिक्षकांच्या संख्येचा म्हणून मांडला जातो. तो तसा आहेच. परंतु त्याच्या मुळाशी भाषेचा एक प्रश्न आहे आणि त्याकडे भाषेच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

मराठीत तळे आटते, दूध आटते, रस्सा आटतो. कपडे मात्र वाळतात (कोकणात ते सुकतात), धान्य वाळते, सारवलेली जमीन वाळते. हिंदी आणि बंगाली या दोन्ही भाषांत तळे व कपडे यांच्यासाठी एकच क्रियापद चालते. मराठीने येथे भेद केला आहे आणि तो निरर्थक नाही. ‘आटणे’ या क्रियेचा कर्ता द्रव असतो; तो कमी कमी होत जातो. विहीर आटली असे म्हणतानाही अभिप्रेत असते ते विहिरीतले पाणीच. ‘वाळणे’ या क्रियेचा कर्ता मात्र ज्यातून ओल गेली तो पदार्थ. पहिल्या क्रियापदात पाणी उणे होताना दिसते, दुसऱ्यात ते वाक्यातूनच नाहीसे होते; आणि ते गेले कोठे, हा प्रश्न दोन्ही क्रियापदे विचारीत नाहीत. तळ्याचे आटणे आणि धोतराचे वाळणे ही एकच घटना आहे, हे मराठी मुलाला त्याची भाषा सांगत नाही. ‘बाष्पीभवन’ या शब्दाचे खरे काम येथे आहे. दोन दिशांना पांगलेले अनुभव तो एकत्र आणतो आणि वाक्यातून गेलेल्या पाण्याला पुन्हा कर्तेपद देतो. पण हे काम तो शब्द तेव्हाच करू शकतो, जेव्हा ते दोन अनुभव मुलासमोर आधी मांडलेले असतील. व्याख्या प्रथम आणि उदाहरणे नंतर, या आपल्या पाठ्यपुस्तकांच्या जुन्या रीतीने तो क्रमच उलटा केला.

समजा, तिसरीच्या वर्गात शिक्षकाने पाटीचाच पाठ घेतला आणि पाणी गेले कोठे असे विचारले. एखादे मूल म्हणेल, “पाटीत मुरले.” हे उत्तर चुकीचे म्हणून पुसून टाकणे सोपे आहे, परंतु पाणी मुरते हे त्या मुलाने अंगणात, शेतात, भिंतीच्या पोपड्यांत पाहिलेले आहे. उत्तर चुकीचे असले तरी ते अनुभवातून आलेले आहे, आणि मुख्य म्हणजे ते तपासता येते. चमचाभर पाणी पाटीवर आणि तेवढेच स्टीलच्या थाळीवर पसरले, तर थाळीही वाळते. थाळीत पाणी मुरत नाही हे मुलाला मान्य असते. मग त्याला स्वतःचे उत्तर पुन्हा तपासावे लागते. दोन पाट्यांपैकी एक उन्हात व एक सावलीत ठेवून शर्यत लावली की वर्गात भांडण होते : तिच्या पाटीला पाणी कमी लावले होते, त्याचे फडके घट्ट पिळलेले होते. एक गोष्ट बदलायची तर बाकीच्या सारख्या ठेवल्या पाहिजेत, हा प्रयोगशास्त्राचा पाया या भांडणातून आपोआप निघतो. शिक्षकाने तो आधीच सांगून टाकला तर पाठ लवकर संपेल, एवढेच.

बर्फ घातलेल्या पेल्याच्या बाहेर जमणाऱ्या थेंबांचा पाठ याहून अवघड आहे. तेथे मूल म्हणते, “पाणी पाझरले.” ज्या घरात माठ आहे त्या घरातील मुलाने दुसरे काय म्हणावे? पेल्यातल्या पाण्यात शाई टाकली तर बाहेरचे थेंब रंगहीनच राहतात. यावर एखादे चौकस मूल शाई आतच गाळली गेली असेल असे म्हणेल, आणि तो आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यासाठी दुसरा पेला साध्या पाण्याने काठोकाठ भरून शेजारी ठेवावा लागतो. पाणी पाझरत असेल तर तो बाहेरून कोरडा का? हवेत पाणी आहे, या निष्कर्षापर्यंत तिसरी-चौथीचे मूल लगेच येईलच असे नाही. न्यूझीलंडमध्ये ऑसबोर्न आणि कॉसग्रोव्ह यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाण्याच्या अवस्थांविषयी शाळेत शिकलेली मोठी मुलेदेखील उकळत्या पाण्यातील बुडबुडे हवेचे किंवा उष्णतेचे असल्याचे सांगताना आढळली. तेव्हा उत्तराची घाई करण्यात अर्थ नाही.

परिभाषेचा प्रश्न प्रांतोप्रांती वेगळे रूप घेतो. मराठी शाळेत उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण होते. हिंदी शाळेत तिचे चालन, संवहन आणि विकिरण होते. मराठीचे बहिर्वक्र भिंग हिंदीत उत्तल लेंस होते, वस्तुमानाचे द्रव्यमान होते आणि द्रावणाचे विलयन. बहुतेक शब्द संस्कृतातूनच घडविलेले, तरी वडिलांच्या बदलीबरोबर नागपूरहून जबलपूरला जाणाऱ्या मुलाला ते सर्व नव्याने पाठ करावे लागतात. ज्या मुलाने भिंगाने कागद जाळून पाहिला आहे त्याला नाव बदलल्याने विशेष अडत नाही. ज्याच्याजवळ केवळ नावच होते, त्याचे सर्वस्व जाते.

मुंबईत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील आणि मुंबईच्या महापालिकेच्या शाळांत काम आरंभिले, तेव्हा केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांच्या ध्यानात आलेली एक मुख्य गोष्ट हीच होती. पाठ्यपुस्तकाची भाषा शिकल्यासवरल्या घरांची होती. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेत जात होते, त्या मुलांना विज्ञान कठीण जाण्याआधी वाक्यच कठीण जात होते. भाषा सुलभ केल्यावर त्यांचे आकलन सुधारले. बुद्धी कमी म्हणून ज्यांना बाजूला सारले जात होते, त्यांच्या बाबतीत हा निष्कर्ष क्षुल्लक नव्हे.

सुलभीकरणालाही मर्यादा आहे, हे मात्र सांगितले पाहिजे. ‘बर्फ विरघळला’ असे आपण सर्रास बोलतो. साखर विरघळते आणि बर्फ वितळतो हा भेद बोलीत पुसट झाला आहे, आणि तो राखणे विज्ञानाच्या पाठाला भागच आहे. उलट तूप थिजते आणि पाणी गोठते, येथे बोलीने केलेला भेद विज्ञानाला नको असतो. म्हणजे कोठे बोलीला धार लावायची आणि कोठे तिच्यातील भिंत काढायची, हे शब्दागणिक ठरवावे लागते. हे काम केवळ विज्ञानाच्या किंवा केवळ भाषेच्या जाणकाराकडून होण्यासारखे नाही. रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये ‘विश्वपरिचय’ हे पुस्तक लिहिले आणि ते भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांना अर्पण केले, याकडे साहित्येतिहासात एक सौजन्याची बाब म्हणून पाहिले जाते. ते तेवढेच नसावे.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (२०२२ पासून नर्मदापुरम) १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांतून सुरू झालेला विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सहावी ते आठवीसाठी होता. तरीही प्राथमिक शाळेचा विचार करणाऱ्याला तो टाळता येत नाही. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी आरंभिलेला हा कार्यक्रम १९७८ मध्ये संपूर्ण जिल्ह्यात पसरला आणि १९८२ नंतर ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. ‘बाल वैज्ञानिक’ या त्याच्या पुस्तकांत मुलांना प्रयोग करायला सांगितले जाई आणि निष्कर्षाची जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवली जाई. परीक्षेत पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, कारण पुस्तकात उत्तरे नव्हतीच. मुलांचे प्रश्न ‘सवालीराम’ या कल्पित व्यक्तीच्या नावे पत्राने येत आणि त्यांना उत्तरे जात. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम राज्य शासनाने २००२ मध्ये बंद केला आणि शाळांत पुन्हा राज्यभराचे एकच पाठ्यपुस्तक आले.